‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनो...

सात मिनिटं. एमआरआयच्या त्या नळकांड्यात मी एवढाच वेळ टिकलो. आठव्या मिनिटाला हातातला रबरी फुगा (जुन्या रिक्षांच्या भोंग्याला असायचा ना, अगदी तसा) जीव खाऊन दाबला आणि बाहेर आलो. स्कॅन अर्धवट, पैसे आधीच भरलेले, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आठ-दहा जणांच्या नजरा माझ्यावर.

गोष्ट मानेची. दहा वर्षं लॅपटॉपसमोर मान घालून बसल्यावर जे व्हायचं ते झालं. डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या, डॉक्टरांनी चिठ्ठीवर एमआरआय खरडलं, शनिवारी रात्री साडेदहाचा स्लॉट मिळाला. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे, येताना बुर्जी-पाव खाऊन येऊ.

आता मी काही भित्रा माणूस नाही हो. लिफ्टमध्ये अडकलोय, लोकलच्या गर्दीत एका पायावर उभा राहून चार वर्षं कॉलेज केलंय, रात्री तीन वाजता प्रॉडक्शन सर्व्हर झोपलेला पाहूनही हात थरथरत नाहीत. पण त्या रात्री थरथरले. टेक्निशियन हसून म्हणाला, “काय सर, लहान मुलंपण करून जातात.”

(तेव्हा सुचलं नाही, पण उत्तर असं आहे की अगदी लहान मुलांचा एमआरआय बहुतेक वेळा भूल देऊन किंवा झोपवून करतात. म्हणजे त्यांना जी सवलत आहे ती आम्हाला नाही, आणि वर टोमणाही आम्हालाच.)

घरी येऊन मित्रांच्या ग्रुपवर टाकलं तर तिथेही तेच. “एवढं काय त्यात?” “अरे, मी तर आत घोरत होतो.” “मनाचे खेळ रे सगळे.” आणि सगळ्यात लोकप्रिय वाक्य, “घाबरायचं नाही, काही होत नाही.”

आजचा लेख या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ‘काही होत नाही’ ही माहिती नाही, तो धीरही नाही. समोरच्याला काहीही समजावून न सांगता गप्प करायची ती पद्धत आहे. आणि एमआरआयमध्ये घाबरून बाहेर येणारे बरेच लोक भित्रे असतात म्हणून बाहेर येत नाहीत, आत काय होणार आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं म्हणून येतात.

मला काय काय सांगितलं गेलं होतं, ते सगळं इथे देतो. “अंगावर मेटल काही आहे का? मोबाइल, पाकीट, पट्टा काढून ठेवा. इथे झोपा. हलू नका. घाबरू नका, काही होत नाही.” बस्स. डोकं आणि मान एका खोबणीत बसवली, वरून पिंजऱ्यासारखं काहीतरी खटकन लावलं, हातात फुगा दिला, कानावर हेडफोन चढवले आणि बाक आत सरकला. किती वेळ, कसला आवाज, मधे काय होणार, एक अक्षर नाही. फुगा कशाला आहे हेसुद्धा मी स्वतःच ओळखलं.

आणि मग ते सुरू झालं. आधी वाटलं, शेजारच्या भिंतीत कुणीतरी ड्रिल मारतंय. मग वाटलं, मशीन बिघडलं. मग अचानक शांतता. खरं सांगतो, ती शांतता आवाजापेक्षा भयंकर होती. नाकापासून चार बोटांवर प्लास्टिकचं छत, कुठूनतरी चुक-चुक, चुक-चुक आवाज, आणि मनात एकच विचार: रात्रीचे अकरा वाजलेत, हा माणूस चहाला गेला असेल तर? मग पुन्हा धडाधड, या वेळी वेगळ्याच तालात. तिथे मी फुगा दाबला.

नंतर दोन-तीन रात्री बसून मी हे मशीन चालतं कसं ते वाचून काढलं. वाचून भीती गेली नाही, पण राग मात्र आला. कारण समजायला अजिबात अवघड नाही हो!

मशीनमध्ये एक प्रचंड चुंबक असतं, सहसा १.५ किंवा ३ टेस्लाचं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. हे चुंबक उणे २६९ अंश सेल्सियसच्या द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवलेलं असतं आणि चोवीस तास चालू असतं. ते स्वतः आवाज करत नाही. आवाज करतात त्याच्या आत बसवलेली वायरची वेगळी वेटोळी. चित्रातला कुठला ठिपका शरीरातल्या कुठल्या जागेचा, हे ठरवण्यासाठी या वेटोळ्यांमधला विद्युतप्रवाह सतत, फार झपाट्याने बदलावा लागतो. एवढ्या ताकदीच्या चुंबकात प्रवाह बदलला की वेटोळ्याला धक्का बसतो आणि ते थरथरतं. आपल्या घरातला स्पीकर याच तत्त्वावर वाजतो. म्हणजे एमआरआय काढताना आपण एका राक्षसी स्पीकरच्या आत झोपलेलो असतो. हा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन ही चैन नाही, ते द्यायलाच हवेत. नीट बसले नसतील तर सुरू होण्याआधी सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता गंमत बघा. तपासणी म्हणजे एक सलग फोटो नसतो. चार-सहा वेगवेगळ्या प्रकारचे फोटो असतात, बहुतेक दोन ते सहा मिनिटांचे. प्रत्येक प्रकाराचा ताल वेगळा, कारण वेटोळ्यांतला प्रवाह वेगळ्या लयीत बदलतो. कधी पिठाच्या गिरणीसारखा, कधी दार ठोठावल्यासारखा, कधी बझर अडकल्यासारखा. ताल बदलला म्हणजे एक फोटो संपून पुढचा सुरू झाला. शांतता म्हणजे टेक्निशियन पुढच्या फोटोची तयारी करतोय. आणि ती चुक-चुक? हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची, ती बिचारी तुम्ही नसतानाही चालूच असते.

म्हणजे हा आवाज हाच प्रोग्रेस बार आहे! फक्त तो वाचायचा कसा, हे यूझरला कुणी सांगितलेलंच नाही.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको. पेज उघडायला आठ सेकंद लागले आणि स्क्रीनवर नुसतं पांढरं दिसलं तर यूझर वैतागून निघून जातो, तेव्हा आपण ‘यूझर भित्रा आहे’ असा बग रिपोर्ट लिहीत नाही. मुकाट्याने तिथे एक फिरणारं चक्र टाकतो, ‘५ पैकी २ पूर्ण’ असं लिहितो. आठ सेकंदांसाठी! आणि इथे माणसाला पिंजरा लावून, नळीत घालून, १०० डेसिबलमध्ये अर्धा तास ठेवायचं आणि त्याला एकही आकडा सांगायचा नाही? वर तो बाहेर आला की दोष त्याचा?

यावर तीन उत्तरं हमखास येतात. तिन्ही ऐकून झालीत.

पहिलं, “वेळ कुठे आहे? बाहेर रांग बघितलीत का?” बघितली ना, त्या रांगेनेच मला बघितलं. पण हिशोब करा. समजावून सांगायला एक मिनिट लागतं. मी बाहेर आलो तेव्हा त्यांचा स्लॉट वाया गेला, आणि दुसऱ्यांदा आलो असतो तर अजून एक गेला असता. आतल्या आत घाबरून थोडासा हललेला पेशंटही महागातच पडतो, कारण हललेला फोटो परत काढावा लागतो. एक मिनिट वाचवण्यासाठी अर्धा तास घालवणं याला कार्यक्षमता म्हणत नाहीत.

दुसरं, “आधीच सगळं सांगितलं तर लोक जास्त घाबरतील.” हे मला फार गोड वाटतं. म्हणजे मोठा आवाज होणार आहे हे ऐकून माणूस घाबरेल, पण न सांगता कानाशी तोच आवाज झाला तर घाबरणार नाही? दिवाळीत मागून कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला तर आपण टुणकन उडी मारतो. तोच बॉम्ब समोर दिसत असेल तर कानावर हात ठेवून शांत उभे राहतो. बॉम्ब तोच असतो.

तिसरं, “ज्यांना त्रास होतो त्यांनी झोपेचं औषध घ्यावं.” घ्यावं ना. ज्यांची भीती खरोखर तीव्र आहे त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून सौम्य औषध घ्यावं, सोबत माणूस न्यावा, परत येताना गाडी चालवू नये. त्यात लाज कसली? पण जिथे एका मिनिटाच्या बोलण्याने काम झालं असतं तिथे गोळी हे पहिलं उत्तर असू नये.

आणि कृपा करून हे ‘मनाचे खेळ’ थांबवा. २००७ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ५५ हजारांहून जास्त एमआरआय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण शंभरात दोघांना बंद जागेच्या भीतीचा त्रास झालेला दिसला, आणि आखूड बोगद्याच्या, कमी आवाजाच्या मशीनवर हे प्रमाण बरंच खाली आलं. नुसते मनाचेच खेळ असते तर मशीन बदलल्यावर कमी कसे झाले असते? शंभरात दोन म्हणजे दिवसाला पंचवीस पेशंट करणाऱ्या सेंटरवर दर दोन दिवसांनी एक माणूस. हा काही जगावेगळा पेशंट नव्हे, तो ठरल्यासारखा येणार आहे. त्याच्यासाठी तयारी नसेल तर ती चूक कुणाची?

बरं, भीती म्हणजे अडाणीपणा असं वाटत असेल तर या मशीनचा इतिहासच बघा. माणसाच्या शरीराचा पहिला एमआरआय ३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेमंड दमाडियन यांच्या प्रयोगशाळेत झाला. आधी दमाडियन स्वतः मशीनमध्ये बसले, पण अंगाने जाड असल्याने सिग्नलच मिळेना. मग त्यांचा सडपातळ सहकारी लॅरी मिंकॉफ बसला. लगेच नाही हं! काही आठवडे दमाडियनना काही होतंय का ते बघितलं आणि मगच हा गडी आत गेला. पुढे जवळजवळ पाच तास बसून होता. ज्याने मशीन बांधायला हात लावला तो माणूस खात्री करून घेतो, आणि आम्ही दोन प्रश्न विचारले की आम्ही डरपोक!

न सांगण्याची किंमत किती मोठी असू शकते तेही आठवा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाइकाच्या एमआरआयसाठी आलेला तरुण हातात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर खेचून घेतलं आणि तो तरुण जिवानिशी गेला. मशीन बंद आहे, काही होत नाही, असं आम्हाला सांगितलं होतं, असं त्याच्या घरच्यांनी तेव्हा सांगितलं. चुंबक कधीच बंद नसतं, हे एक वाक्य त्या दाराबाहेर प्रत्येकाला कुणीतरी बोलून दाखवायला हवं. पाटी पुरेशी नाही.

आता कबुलीजबाब. कारण इथपर्यंत मी सगळं टेक्निशियनवर ढकललं, आणि ते काही खरं नाही.

माझ्या आठ महिने आधी आईचा एमआरआय होता. कंबरेचा. चालताना पाय जड व्हायचे, दहा मिनिटांत कुठेतरी टेकायला लागायचं. तिथेही तेच झालं. मंगळसूत्र आणि बांगड्या घाईघाईने काढून एका वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. “मावशी, घाबरू नका, काही होत नाही,” टेक्निशियन म्हणाला. आणि मोबाइलवर मेल बघत बघत मीही म्हणालो, “हो गं आई, काही होत नाही.”

तीन मिनिटांत बाहेर आली. रडत होती. म्हणाली, “पुरल्यासारखं वाटलं रे मला.” आणि मी काय बोललो माहितीये? “आई, नाटकं नको ना करूस, लोक थांबलेत.”

त्यानंतर आठ महिने ती एमआरआयला तयार झाली नाही. डॉक्टर म्हणायचे, फोटो बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवता येणार नाही. ती म्हणायची, मी आहे तशी बरी आहे. आधी मंडई बंद झाली, मग संध्याकाळचं देऊळ, मग जिना. आम्ही सगळे त्याला हट्ट म्हणायचो. बाबा म्हणायचे, “तिचं नेहमीचंच आहे.”

त्या शनिवारी रात्री रिक्षातून येताना मी तिला फोन केला. “झालं का रे?” तिने विचारलं. म्हटलं, “नाही. पळून आलो.” थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “तुलापण का?”

बुर्जी-पाव राहिलाच.

दुसऱ्यांदा मी वेगळ्या सेंटरला गेलो. तिथल्या टेक्निशियन मुलीला आधीच सांगून टाकलं की मागच्या वेळी पळालो होतो. ती हसली नाही. म्हणाली, “एकूण पाच फोटो आहेत सर, सगळ्यात मोठा साडेचार मिनिटांचा. प्रत्येक फोटोआधी मी माइकवरून सांगेन. मधे शांत झालं तर मी पुढचा लावतेय असं समजा. नळी दोन्ही बाजूंनी उघडी आहे, आत लाइट आणि पंखा आहे. हा फुगा, एकदा दाबून दाखवा बरं.” मी दाबला. काचेपलीकडे बीप वाजली. “बघा, मला ऐकू येतं. केव्हाही दाबा, लगेच बाहेर काढते.” मग डोळ्यांवर एक घडी केलेला रुमाल ठेवला आणि म्हणाली, आत जायच्या आधीच डोळे मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका.

नंतर मी तेच सगळं घरी मोठ्याने म्हणून घड्याळ लावून बघितलं. पन्नास सेकंद.

भीती पळून गेली वगैरे काही झालं नाही. पहिली दोन मिनिटं छाती धडधडत होती. मी श्वास हळूहळू सोडत होतो आणि ठोके मोजत होतो. पण “आता तिसरा, चार मिनिटांचा” असं कानात आलं की चार मिनिटं काढता येतात. नक्की किती ते माहीत नसलेली चार मिनिटं काढता येत नाहीत. बावीस मिनिटांत बाहेर आलो.

पुढच्याच आठवड्यात आईला तिथे घेऊन गेलो. आदल्या दिवशी यूट्यूबवर मशीनचे आवाज ऐकवले. कुकरच्या शिट्ट्या मोजायची तिला सवय आहेच, म्हटलं तसंच मोजायचं. मंगळसूत्र घरीच काढून तिने स्वतः देवापाशी ठेवलं. माझ्या अंगावरचं धातूचं सगळं काढून, तीच प्रश्नावली भरून, कानात बोळे घालून मला आत बसू दिलं. मी तिचा पाऊल धरून बसलो होतो. झालं एकदाचं. डॉक्टरांनी फिल्म लाइटसमोर धरली आणि पहिला प्रश्न विचारला, “एवढे दिवस का थांबलात?” आई काही बोलली नाही. मीही नाही.

म्हणून आता थोडं कामाचं. तुमच्यापैकी कुणाचा, आणि त्याहून जास्त म्हणजे तुमच्या आई-बाबांचा एमआरआय असेल तर एवढं करा.

नंबर लावतानाच विचारा, बोगदा केवढा आहे? ६० सेंटिमीटरची मशीन्स आहेत तशी ७० चीही आहेत, आणि दहा सेंटिमीटरने खरंच फरक पडतो. उघड्या बाजूंची मशीन्सही असतात, पण त्यांचं चुंबक सहसा कमी ताकदीचं असतं, तेव्हा ती चालेल का ते डॉक्टरांना विचारा. गुडघा किंवा घोटा असेल तर पाय आधी आत घालता येतात, डोकं बाहेर राहू शकतं. शरीरात पेसमेकर, क्लिप, रॉड काहीही असेल तर न विचारताच सांगा. आत जायच्या आधी तीन गोष्टी विचारल्याशिवाय बाकावर आडवे होऊ नका: फोटो किती, सगळ्यात मोठा किती मिनिटांचा, आणि मधे माझ्याशी बोलणार का? फुगा स्वतः दाबून बघा. डोळ्यांवर रुमाल मागा. घरचं माणूस सोबत बसू शकेल का विचारा. यातल्या बहुतेक गोष्टींना एक पैसा जास्त पडत नाही, पण मागितल्याशिवाय त्या मिळतीलच असं नाही.

सेंटरवाल्यांना एवढंच सांगायचंय, कोट्यवधींचं मशीन आणलंत, आता पन्नास सेकंदांचं मराठीही आणा. एका कागदावर छापा आणि प्रत्येकाला वाचून दाखवा.

आणि तुम्हा-आम्हाला काय सांगू? पुढच्या वेळी घरातलं कुणी “मला भीती वाटतेय” म्हणालं की तोंडावर आलेलं ते वाक्य गिळून टाका. मोबाइल खिशात ठेवा आणि विचारा, “कशाची वाटतेय?” मी हे आठ महिने उशिरा विचारलं.

असो. मानेचं म्हणाल तर डॉक्टरांनी व्यायाम दिलेत आणि लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर ठेवायला सांगितलाय. सध्या तो चार जाडजूड पुस्तकांवर ठेवलाय. आई रोज संध्याकाळी फोन करून विचारते, व्यायाम केलास का रे? नाटकं नकोत.